तिसरी प्रत

हेल्वेनं लॅपटॉप आणला तो पावाच्या टोपलीतून,
वर चौकड्यांचा रुमाल,
आजारी कोंबडी दाखवायला आणावी तसा.
"खडखडतोय," म्हणाली. "रात्रीचा जास्त."

हिउमा बेटावर नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवेलागण.
माझं दुकान म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल,
बारीक स्क्रूड्रायव्हरांचा एक डबा
आणि फेरीबोटीवर बावीस वर्षं वायरी ओढलेले हात.

लॅपटॉप एन्देलचा. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
मोडक्या बिजागरीला जाळ्याची दोरी बांधलेली,
गाठ अशी पक्की की मी ती सोडवलीच नाही.
कान लावला.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक् टक्,
शेजारच्या खोलीत कुणी पुन्हा पुन्हा
तोच ड्रॉवर उघडून बघतंय.

तपासणी नंतर, आधी वाचवायचं. हा माझा नेम.
दमलेल्या डिस्कला पळवून बघायचं नसतं.
"काय काय हवंय?"
"फोटो मुलीकडे आहेत. मला त्याच्या त्या खुणा हव्यात."
वाचनखुणा. अकराशे त्रेसष्ट.
सगळ्या मिळून एक फाइल झाली,
एका फोटोहूनही हलकी.
हेल्वे म्हणाली, "एवढंच?"

मधमाश्या. बोटीचं इंजिन. गुडघा.
हवामान (यात तीन देशांची हवामान खाती,
एकावरही त्याचा विश्वास नव्हता).
आणि एक कप्पा, नाव 'नंतर'. त्यात चारशे बारा.

'नंतर' उघडला. सौनाची भट्टी बांधण्याची रीत: पान सापडत नाही.
सफरचंदाचं कलम: उघडलं.
अझोरेस बेटांवरच्या बोटींचं वेळापत्रक,
सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचं.
त्यावर ती काही बोलली नाही. मीही पुढे सरकलो.
पान सापडत नाही. पान सापडत नाही.

मी समजावू लागलो, की यात पानं नसतात,
फक्त पत्ते असतात, आणि पत्त्यावरचं घर
तिनं हात वर केला.
"एकतीस वर्षं टपाल वाटलंय मी या बेटावर.
पत्ता म्हणजे काय, ते तू मला सांगणार?
क्योपूच्या रस्त्याला एक घर होतं, छप्पर पडलेलं.
तरी पत्रं यायची. मी सायकलनं जायचे,
फाटकाशी थांबायचे, घंटी वाजवायचे.
नियम होता तसा.
मग परत आणून शिक्का मारायचे.
तू शिक्का मारू नकोस. सगळे घे."

सगळे घेतले.

मग डिस्कची चाचणी. चार तास, चहा तीनदा.
चालू राहिलेले तास: एकोणतीस हजार चारशे बारा.
खराब जागा: छप्पन्न.
म्हटलं, ती ओरडत नाही. एखादी जागा दुखायला लागली
की तिथला माल गुपचूप राखीव जागेत हलवते
आणि तुम्हाला वाटतं, सगळं ठीक.
राखीव जागा संपत आली की मग अशी टकटक.

हेल्वे कपातली साखर ढवळत होती, विरघळून गेलेली.
"एन्देलचंही तसंच," ती म्हणाली.
"डॉक्टरनं सांगितलं तेव्हा म्हणे, अच्छा, ते होय."

नवी डिस्क पुढच्या बोटीनं येईल.
तोवर हा बंद ठेवायचा, मी बजावलं,
आणि प्रती तीन हव्यात:
एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे,
तिसरी पाण्यापलीकडे. घराला आग लागते, पूर येतो.
"इथं पूर?"
"सांगायची पद्धत आहे."

तिनं पर्समधून पाकीट काढलं. तिकीट आधीच लावलेलं.
पेनड्राइव्ह लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून आत टाकला,
तळहातावर तोलून पाहिला,
आणखी एक तिकीट चिकटवलं.
हाप्सालूच्या बहिणीचं नाव, गल्ली, घर क्रमांक,
अक्षर टपोरं, पुसट अंधारातही वाचता येईल असं.
उलट बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला.
तो दोनदा तपासला.

टोपलीत आता जागा होती.
तिच्या तळाशी धुरावलेले चपटे मासे होते, वर्तमानपत्रात,
चार. माझी मजुरी.
टपालपेटी सहाला उघडतात, म्हणाली,
आणि रुमाल डोक्याला बांधत
पावणेसहाला निघाली.