पुढं ढकलता येत नाही

एकतीस मार्चच्या आत प्रत्येकानं कोर्स पूर्ण करावा,
नाहीतर इन्क्रिमेंट थांबेल,
असं पत्र सेलूच्या सबस्टेशनात पंख्याखाली फडफडतंय.
सोळंके साहेब म्हणाले, मुंजाजीराव, सोपं हाय,
नुसतं बघत ऱ्हायचं.

बघत राहण्यातच सव्वीस वर्षं गेली माझी.
पॅनलचे काटे, तासातासाचा लोड,
उन्हाळ्यात कोणता फीडर कसा कण्हतो ते.

प्रतीक्षा दुधाटे, शिकाऊ, हात पुढं करून म्हणाली,
काका, द्या मोबाईल, सगळ्यांचं मीच भरायलेय,
चहा होईस्तोवर अकरा जणांचं झालं.
नको म्हणालो.
कामून, ते मलाही सांगता आलं नसतं.

रात्रपाळी. धडा चौथा : लाईनवर चढण्यापूर्वी.
चित्रातला लाईनमन, पिवळं हेल्मेट, घाम नाही.
त्याच्या खांबाखाली चिखल नाही,
'कवा यायलीय लाईट' म्हणून ओरडणारं गाव नाही.
प्रश्न आला : लाईन बंद केल्यावर पुढं काय कराल?
मी मनात म्हणालो, सबस्टेशनला फोन. ओळखीचा आवाज.
'बंद हाय' म्हणाला की चढायचं.
तेच दाबलं. चूक.
परत दाबलं. चूक.
व्हिडिओ मुळापासून सुरू.
पुढं ढकलता येत नाही, त्यांनी तसंच केलंय.

चित्रातला माणूस अर्थिंग न लावता चढतो.
ठिणगी.
आणि नेमकं तिथंच नेट अडकलं.
गोल फिरत राहिलं, तो हवेत.

वालूर फीडर. उस्मान पठाण.
फोन मीच उचलला होता.
बंद हाय म्हणालो, ओळखीच्या आवाजात,
आणि बंदच होती, रजिस्टरला तशी नोंद आहे, वेळेसकट.
लग्नाच्या मांडवातलं जनरेटर
तारेतनं उलटं आलं.

नेट आलं. तो खाली पडला.
मी तिसरा पर्याय दाबला :
दोन्ही बाजूंनी अर्थिंग.
बरोबर, म्हणालं यंत्र, आणि टाळ्या वाजवल्या.
टाळ्या कशा बंद करायच्या, सापडेना.

सकाळी प्रतीक्षा आली.
झालं की काका, प्रमाणपत्रबी आलंय,
नाव तेवढं मंजुजी पडलंय. मग परत काय बघायलाव?

काही नाही.
'पुन्हा पहा' दाबलं की
तो खांबाखाली उभा असतो, धडधाकट,
हातात टेस्टर.
बस, म्हणालो, तुझा चौथा धडा तू बघ.
टाळ्यांच्या आधी बंद कर.