वीतभर

तळपणच्या मुखाशी, दोन्ही काठांवरून
लोखंडाची कमान वाढत आली दोन पावसाळे,
सोयरीक मोडलेल्या घरांसारखी,
एकमेकांकडे न बघता.

शेवटी मध्ये उरली फक्त वीतभर हवा.

ती दुपारी जुळेना.
साइटवरची इंजिनियर पोर म्हणाली,
उन्हात लोखंड फुगतं, काका,
पहाटे निवलं की बसेल.
बाबानं मान हलवली, यात नवं काय अशी.
पाण्याला विचारल्याशिवाय
त्यानं तरी कधी वल्हं उचललं होतं?

बाबा म्हणजे म्हाबळू पागी, तारी.
हाकेवरून माणूस ओळखायचा.
'तारीऽऽ' लांबली तर रेमेदीस, शिणाण्यांची टोपली घेऊन.
तुटक आली तर कुस्तोद पोदेर,
पाव निवतील म्हणून घाईत.
आणि हाकच नाही, नुसता कंदील उभा,
तर पलतडीला कुणीतरी गेलेलं.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड तीन खेपांत आलं.
नवरा शेवटच्या खेपेला,
ओल्या चपलांनी.

पहाटे साडेपाचला कमान जुळली.
आवाज दाराला कडी लागावी एवढाच.

मग नारळ, फीत, फादरनी शिंपडलेलं पाणी.
आता पोदेर पुलावरून येतो,
पाव हाताला चटका देतात.
हाक कुणाला मारावी लागत नाही.
होडी माडाखाली पालथी,
तिच्या पोटात मांजर व्यालं.

बाबा तीन महिने पुलावर चढला नाही.
गुडघे, म्हणाला. मग ऊन, म्हणाला.
मग एका ओहोटीला आपणच निघाला, मी मागे.
बरोबर मध्ये थांबला,
जिथे ती वीतभर हवा होती,
आणि कठड्याला छाती टेकून वाकला.

जन्मभरात नदी त्यानं वरून पाहिली नव्हती.
काठीच्या टोकाला कळायची ती रेती
खाली उघडी पडलेली,
हिरव्या पाण्यात पांढरी, दंडावरच्या वणासारखी.

कितीतरी वेळ बोलला नाही.
मला वाटलं, डोळे पुसतो की काय.

तर म्हणतो,
"उजवीकडे खोल आहे गो!
चाळीस वर्षं उगाच डावीकडून वळसा घातला."
आणि हसत सुटला, खोकला येईपर्यंत.

उतरताना माझं मनगट धरून, हळूच:
"रेमेदीसला सांगू नकोस.
वळशाचे पैसे परत मागेल ती."