चौथं घर

एप्रिलचा दुसरा आठवडा, पारा चव्वेचाळीसवर.
इतवारीतल्या आमच्या दुकानात
वाळ्याच्या गोणीला टेकून मी वहीत चौकोन आखते,
त्याची चार घरं करते.
वर बाबा, डाव्या हाताला समोरचे नंदनवार काका.
भाव टिकवला. भाव पाडला.
प्रत्येक घरात दोन आकडे, एक आमचा, एक त्यांचा.

सर म्हणाले होते, समोरचा काहीही करो,
पाडणाऱ्याचंच भलं.
म्हणून दोघंही पाडतात
आणि चौथ्या घरात जाऊन बसतात घामेजलेले,
एकट्याने उठायची सोय नसलेले.

पलीकडे नंदनवारांचा पोरगा पाटी पुसतो:
तीन फुटी कूलर, सहा हजार आठशे.
बाबा माझ्या पुढ्यातला खडू उचलतात.
सहा हजार सातशे.
बारा वाजेपर्यंत दोघं सहा-दोनवर.
"बाबा, पत्र्याचे तरी पैसे सुटतात का?"
"तू आपली वही पाय."

मेयोतली एक सिस्टर, रात्रपाळीचे डोळे,
चार वेळा रस्ता ओलांडते.
शेवटी आमच्याकडे नोटा मोजते,
वर वाळा फुकट मागते.
बाबा हरल्यासारखा चेहरा करून देतात.
ती सायकलरिक्षात कूलरला धरून बसते,
जिंकलेली.

रात्री अर्धं शटर ओढून बाबा फोन लावतात.
"हां गिरधर. उद्या सहा-आठपासूनच लाव.
सहा-दोनच्या खाली मी जात नाही, तू बी नको जाऊ.
गिऱ्हाइकाले वाटलं पाह्यजे का
आपण त्याच्यासाठी भांडून राह्यलो."
मग पलीकडचं काहीतरी, बाबांचं हसू.
"पोरगी? अभ्यास करून राह्यली.
आपल्याच धंद्याचा हाय म्हणते."

पुस्तकात याला शब्द आहे, संगनमत.
दोन पानांनंतर कायदाही आहे.
बाबांकडे शब्द नाही,
बावीस उन्हाळे आहेत, एकच रस्ता,
आणि काकांच्या बायपासला नेलेला डबा.

मी आकडे खोडते, पुन्हा मांडते.
चारातल्या एकाही घरात
ती सिस्टर मावत नाही.
समासात तिच्यासाठी एक टिंब देते,
काय लिहावं कळत नाही.

बाहेर दोन्ही शटरं
एकाच आवाजात खाली येतात.
कुलूप लावताना बाबा विचारतात,
"किती मार्काचा हाय हा धडा?"
"दहा."
"बस?"