उतार

आमच्या कोर्टाला उतार आहे.
गेटच्या बाजूला, बोटभर.
चेंडू ठेवला की आपणहून निघतो
प्राचार्यांच्या स्कूटरकडे.
शिवडीच्या गोदामांमागे ज्याने कुणी ते सिमेंट ओतलं
त्याने आमच्या मुलींना वारा नसताना
वारा धरून नेम लावायला शिकवलं.

त्यांच्या कोर्टाला लाकूड आहे. सागवान म्हणे.
वर छप्पर, छपरात दिवे, दिव्यांखाली
तीनशे जण, आणि प्रत्येकाकडे जांभळा रुमाल.
आम्ही नऊ.
दहावे घरतकाका, पण ते शिपाई, ड्यूटीवर,
पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मांडीत धरून.

"गोदीवाल्या आल्या," कुणीतरी म्हणालं,
मोठ्याने नाही,
ऐकू जाईल इतपतच.

पहिले दोन क्वार्टर मी सांगणार नाही.
विचारलंत तर म्हणेन, लाइट गेले होते.

तिसऱ्यात रेनिटाने चेंडू काढला
झोपलेल्याच्या उशाखालून किल्ली काढावी तसा.
आणि शाहीन मुकादम,
पाच फूट एक इंच, जिला त्यांच्या कोचने मोजलंच नव्हतं,
उजवीकडून गेली.
पुन्हा उजवीकडून.
मग सगळ्या उजवीकडे दबा धरून उभ्या राहिल्या
तेव्हाही उजवीकडूनच.
हर्षदाने कॅन्टीनची थाळी आणली होती ढापून,
ती आम्ही डावाने इतकी बडवली
की मधोमध पोचा आला.

बावन्न-एक्कावन्न. त्यांचे बावन्न.
चार सेकंद. तन्वी खरात रेषेवर, दोन थ्रो.
तीनशे रुमाल एका तालात: चुकणार! चुकणार!
माझ्या डाव्या हाताची नखं
कोणाच्या तरी दंडात होती, माझ्याच असावीत.

पहिला गेला.
दुसरा रिंगवर बसला. बसलाच.
एक फेरी मारली, विचार केला,
आणि त्या सपाट, महागड्या, पातळीत रंधलेल्या जागेवर
शिवडीत जिकडे गेट असतं
त्या अंगाला कलला
आणि पडला आत.

तीनशे माणसं एकदम गप्प झाली की काय होतं
ते आम्हाला ठाऊक नव्हतं.
पंखे ऐकू येतात.
कुठल्यातरी नळाचं पाणी.
मग आम्ही नऊजणी काय ओरडलो ते मराठीत नव्हतं,
कशातच नव्हतं.
मी जिला मिठी मारली तिच्या मुठीत जांभळा रुमाल निघाला.
तिने सोडवून घेतलं, हळूच,
डोळे पुसले त्याच रुमालाने, म्हणाली,
"ती तेरा नंबरवाली. पाच फूट तरी आहे का गं?"
"एक इंच वर," मी म्हटलं.

घरतकाका ओरडले नाहीत.
अकरा वर्षं ते ह्याच बाकाच्या ह्याच टोकाला
बाटल्या भरून आणत, रिकाम्या परत नेत.
ते स्कोररच्या टेबलाशी गेले, चप्पल काढून, लाकडावर अनवाणी,
आणि कागदाची कार्बन कॉपी मागितली.
बोट लावून वाचली. वरपासून.
मी सांगणार नाही म्हटलेले दोन क्वार्टरसुद्धा,
एकेक बास्केट.
मग चार घड्या, आणि डब्याच्या रिकाम्या कप्प्यात.
झाकण लावताना क्लिप दोनदा दाबली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, लग्न आहे का कुणाचं?
शाहीन म्हणाली, "हो, ह्या थाळीचं."
भायखळ्यापर्यंत तो बिचारा वधू शोधत होता.

थाळीचे ऐंशी रुपये शेट्टींनी माझ्या खात्यात मांडले,
त्यावर मी भांडले नाही.
पण पोचा ठोकून काढू दिला नाही.
हल्ली उसळ त्याच थाळीत मागते.
कशीही धरा,
रस्सा आधी तिथेच जातो.