काटा

आर्डिसच्या गराजमध्ये, छताच्या हुकाला
मासे तोलायचा जुना स्प्रिंगचा काटा.
खाली उलट्या बादलीवर ती, वय एकोणऐंशी,
मांडीवर वही, कानामागे पेन्सिलीचं बुटकं.
"एकेक आण, रोवेना. लपवू काही नकोस."

आधी तंबू.
दुकानातल्या पोरानं वादळांच्या गोष्टी सांगून
गळ्यात मारलेला.
सुई सात पौंडांवर थांबली.
"यात कोण राहणार, तू आणि तुझी सासू?"
तंबू गेला. त्याच्या जागी ताडपत्री, आठ खुंट्या, दोरी.
तीन सुऱ्यांतल्या दोन गेल्या.
कुऱ्हाडीकडे तिनं नुसतं पाहिलं,
मीच ती परत भिंतीला टेकवली.

झोपायची पिशवी मात्र जड हवी म्हणाली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण साडेआठ हजार फुटांवर, ऑक्टोबरात, पहाटे चारला
आधी पाय आहेत कुठे
तेच शोधावं लागतं.

बूट मी ऑगस्टपासून घालतेय.
शाळेच्या पिवळ्या बसमध्ये, दिवसाला बावन्न मैल.
नव्या चामड्यात घोटा वळत नाही,
ब्रेक एकदम लागतो,
आणि मागच्या बाकावरून कोल्टर ओरडतो,
"मिस रो, घोडा बिथरला का?"
आता टाचेवरचा फोड बरा होऊन तिथं घट्टा पडलाय.
आर्डिसनं अंगठा दाबून पाहिला
आणि वहीत खूण केली.
तिच्या लेखी सामानात टाचही येते.

रायफल भावाची. ती तिनं तोललीच नाही.
"जड वाटत असेल तर जाऊच नकोस."
मग विचारलं, नेम?
दोनशे यार्डांवर कागदी ताटलीत
पाचांतल्या चार, मी जरा ऐटीतच सांगितलं.
"पाचवी कुठं गेली?"
मला माहीत नव्हतं.
तिनं चार लिहिले नाहीत.
लिहिलं: पाचवी, माहीत नाही.

शेवटी तिनं स्वतःच कपाटातून काढल्या
जुन्या चादरीच्या शिवलेल्या पाच पिशव्या,
उकळून उकळून फिकी पडलेली निळी फुलं.
मांसासाठी. माशा आत शिरू नयेत, वारा शिरावा.
पाचही एकदम हुकाला अडकवल्या.
सुई जेमतेम थरथरली.

"एकाहत्तर साली," ती म्हणाली,
"मी आणि लव्हॉननं
केटलच्या खोऱ्यात, अगदी तळाशी, एल्क पाडला.
केवढा नर! आम्ही नाचलो तिथं, वेड्यासारखे.
मग वर पाहिलं.
चार खेपा लागणार होत्या.
तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, ऑक्टोबरात, मे महिन्यासारखं.
मागचा एक फरा राहिला होता.
आम्ही पोचलो तेव्हा..."
ती पेन्सिल तासायला लागली.
"गुन्हाच आहे तो, दंड असतो.
दंडाचा आकडा विसरले मी.
वास नाही विसरले."

मग माझा नकाशा जमिनीवर पसरून
गुडघे कटकटवत ती खाली बसली,
धारेच्या अलीकडे एक रेघ ओढली,
वाकडी, ओढ्याला वळसा घालून जाणारी.
"याच्या पलीकडे
कितीही मोठा उभा असू दे, तुला हाक मारू दे,
तो तुझा नाही.
हीही घे सामानात. हिला वजन नाही."

शुक्रवारी शेवटच्या थांब्यावर कोल्टर उतरता उतरता थांबला.
"सोमवारी बस कोण चालवणार?"
मिस्टर प्रुइट, मी म्हटलं.
"त्यांचे बूट कसे आहेत?"
जुने.
त्याला बरं वाटलेलं दिसलं.

आता दाराशी पाठपिशवी उभी आहे, एक्केचाळीस पौंड,
अंधारात माणसासारखी दिसते, जरा पुढे झुकलेली.
सगळं तोललंय, सगळं लिहिलंय.
मी दिवा घालवते, परत लावते,
आणि काडतुसांची डबी उघडून
पुन्हा एकदा मोजते,
जणू ती पाचवी
परत येऊन बसली असेल.