कडता

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचंच वजन लिहिलं.
गोण चढायची, काटा थरथरायचा,
मी आकडा ओरडायचो,
दलाल कडता कापायचा.

गायधनी डॉक्टरीणबाईंनी साखरेचा रिपोर्ट पुढे सरकवला,
त्या रात्री गाळा बंद झाल्यावर
स्वतःच चढलो काट्यावर.
शहाण्णव.
म्हणजे दोन गोणींना चारच किलो कमी.
ओरडायला तोंड उघडलं,
ऐकायला फक्त एक मांजर.

आता पहाटे कोपरखैरण्याहून चालतच येतो,
नाल्याच्या कडेने, सेक्टर मोजत.
चहा बिनसाखरेचा. फडक्यात दोन भाकऱ्या, मुळ्याचा पाला.
वडापावची गाडी दिसली की
मान तिकडेच वळते, पाय मात्र...
खोटं कशाला बोलू,
मंगळवारी पायही वळले.

सात महिन्यांत नऊ किलो.
हमाल बबुशा म्हणाला, "ओल उडाली की मापाडी!"
कांद्याचंही असंच,
सुकला की टिकतो.

पट्ट्याची भोकं संपली.
गोण शिवायचं दाभण घेतलं,
आतल्या अंगाला एक नवं पाडलं.
उरलेलं टोक लोंबतंय.

हा कडता
कुणाच्या खात्यावर मांडायचा?