पत्ता अपुरा

दिवसभर मी पार्सलं वाटतो, उदगीरात.
चौबाऱ्याच्या मागच्या बोळांत घरांना नंबर नाहीत,
आहेत त्यांच्यावर रंगाचे तीन हात चढलेत.
खोक्यावर असतं: पिठाच्या गिरणीमागं,
व्यंकटअप्पाचं घर, कुणालाही विचारा.
कुणालाही विचारलं की सापडतं.
दार कोण उघडतं त्यावर भाषा ठरते,
कानडी, उर्दू, कधी तेलुगू.
सही मात्र काचेवर बोटानं, कुठल्याच भाषेत नसलेली.

रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडला.
सोनकांबळे मॅडमच्या टायपिंग क्लासमधला,
क्लास मोडला तेव्हा आठ हजाराला घेतलेला,
‘ळ’ची कळ पार पुसलेली.
पायथन उतरवून घेतलं, एडिटर उतरवून घेतला,
दोघं एकाच डबड्यात
आणि एकमेकांना ओळख देईनात.

एडिटर म्हणाला, भाषा सापडत नाही.
अरे, आत्ताच तर आत गेली,
माझ्या डोळ्यांदेखत हिरवी पट्टी भरली!
तो म्हणाला, सापडत नाही.

नसरीन आधी आमच्याच डेपोत होती, आता लातूरला शिकते.
फोनवर म्हणाली, “पाथ दिलास का?”
“मंजी?”
“मंजी पत्ता. ती कुठं राहती ते त्याला सांग.
पुरा सांग बरं, गिरणीमागं-बिरणीमागं त्याला कळत नाही.”
मला हसू आलं.
सात वर्षं अर्ध्या पत्त्यांवर तर पोट भरलं मी.

मग निघालो, एकेक तिरपी रेघ ओलांडत.
आधी ड्राइव्ह, मग युजर्स, मग
थबकलो.
पुढच्या दारावर पाटी होती: सोनकांबळे मॅडम.
दीड वर्ष झालं, मशीन माझी,
आणि आत मी अजून भाडेकरू.
भाषा त्यांच्याच घरात उतरली होती,
त्यातही आतल्या एका खोलीत
जी ‘लपलेलं दाखव’ म्हटल्याशिवाय दिसत नाही.

पत्ता जसाच्या तसा दिला.
एडिटर ‘सोनकांबळे’पर्यंत नीट आला
आणि ‘मॅडम’च्या अलीकडच्या मोकळ्या जागेत
पाय अडकून पडला.
“अवतरणात घाल,” नसरीन जांभई देत म्हणाली.
दोन्हीकडून चिन्हं लावली,
दोरीनं खोकं आवळावं तशी.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात
भाषेचं नाव उमटलं, आवृत्तीच्या आकड्यासकट.

“आता काहीतरी छापून बघ.”
काय छापू? सुचेना.
दारोदार जे ओरडतो तेच कंसात टाकलं,
बटण दाबलं,
आणि आतून कुणीतरी मलाच म्हणालं:
पार्सल!

“त्या फोल्डरचं नाव बदलू का?”
“नको रे. सगळ्या वाटा त्याच नावावरून जातात. मोडतील.”
तिनं फोन ठेवला.

पंख्याची घरघर चालू राहिली.
मला गेल्या वैशाखातलं एक पाकीट आठवलं,
ह्याच नावाचं. क्लासला कुलूप होतं.
मॅडम भावाकडं देगलूरला गेल्यात
हे समोरच्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक असणार,
दोन पावलांवर होता तो.
ऊन फार होतं.
मी गाडीवरूनच लिहिलं, पत्ता अपुरा,
आणि परत पाठवलं.